उत्सव आणि उत्सवानंतर

कार्निव्हल हा शब्द आपल्या घरांत दोन वाटांनी आला. एक वाट गोव्याच्या इंत्रुजाची, दुसरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसणाऱ्या रिओ द जानेरोची. दोन्ही वाटांनी मनात ठसलेले चित्र साधारणतः एकच आहे: पिसांचे मुकुट, ढोल, अपुरी वस्त्रे, आणि राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेण्यापूर्वी घाईघाईने उरकलेली मौज. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. पण ते रस्त्याच्या कडेला उभे राहून मिरवणूक पाहणाऱ्याचे चित्र आहे. वर्षभर दिव्याच्या उजेडात तो पोशाख शिवणाऱ्याचे नव्हे. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद या बेटाशी ज्यांचे नाते जुळलेले आहे अशा तीन मोठ्या लेखकांच्या लिखाणात सण आणि उत्सव ठळकपणे येतात, आणि तेथे प्रत्येक लेखक नेमका कोठे उभा राहून उत्सवाकडे पाहतो यावर त्या लिखाणाचे मोल बरेचसे ठरते, असे मला वाटते. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) आणि अर्ल लव्हलेस यांची 'द ड्रॅगन कान्ट डान्स' (१९७९) या दोन कादंबऱ्या, आणि डेरेक वॉलकॉट यांचे १९९२ सालचे नोबेल व्याख्यान, यांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिल्यात नाताळ आहे, दुसऱ्यात कार्निव्हल आणि तिसऱ्यात रामलीला.

एकाच बेटावर हे तीनही उत्सव कसे नांदतात हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. त्रिनिदाद हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून असलेले बेट. ते स्पेनच्या ताब्यात होते; १७८३ च्या एका स्पॅनिश फर्मानाने कॅथलिक वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्या आणि फ्रेंच मळेवाले आपल्या आफ्रिकन गुलामांसह तेथे येऊन स्थिरावले. १७९७ साली इंग्रजांनी बेट घेतले. गुलामगिरी गेल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय गिरमिटावर तेथे नेण्यात आले. त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारकडचे, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले. त्यामुळे आजच्या त्रिनिदादच्या सरकारी सुट्यांच्या यादीत नाताळ आणि गुड फ्रायडेच्या बरोबरीने दिवाळी आणि ईद आहेत, १ ऑगस्टचा गुलाममुक्तीचा दिवस आहे, ३० मे हा भारतीयांच्या आगमनाचा दिवस आहे, आणि आपल्याला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे कॉर्पस क्रिस्ती, म्हणजे ख्रिस्ताच्या पवित्र शरीर-रक्ताचा सणही आहे. गंमत अशी की, ज्या दोन दिवसांसाठी हे बेट जगभर ओळखले जाते ते कार्निव्हलचे सोमवार-मंगळवार मात्र या यादीत नाहीत. ती सुटी कोणी दिलेली नाही. लोकांनी ती घेतलेली आहे.

नायपॉल यांच्या कादंबरीत हनुमान हाउस नावाचे एक घर आहे. तुळशी या सनातनी हिंदू कुटुंबाचे ते घर; खाली दुकान, वर सासूच्या छत्राखाली राहणाऱ्या मुली, जावई आणि मुलांचा गोतावळा. या घरात रोज पूजा होते, आणि घरातली मुले राजधानीच्या रोमन कॅथलिक महाविद्यालयात शिकायला जातात. मुलाच्या गळ्यातला क्रूस घरच्यांना खुपत नाही. एखादा चांगला ताईत असावा तसे त्याकडे पाहिले जाते. अशा घरात नाताळ येतो तो मुख्यतः दुकानाच्या दाराने. गिऱ्हाइकांची झुंबड उडते, माल खपतो, आणि सणाच्या सकाळी मुलांना साध्या, सगळ्यांना सारख्या भेटी मिळतात. सारखेपणा हा या घराचा नियम आहे. कोणा एका मुलाला दुसऱ्याहून अधिक मिळता कामा नये. कारण तसे झाले तर तो मुलगा आजीच्या घराचा न राहता आपल्या बापाचा होईल.

मोहन बिस्वास हा या घरचा गरीब, तिरकस, दुर्लक्षित जावई. तो ग्रीन व्हेलच्या मळ्यावर नोकरीला असताना नाताळाला आपल्या मुलीसाठी, सावीसाठी, एक बाहुलीघर आणतो. मोठे, महागडे, त्याच्या ऐपतीबाहेरचे. घरभर शांतता पसरते. पुढच्या खेपेला तो येतो तेव्हा त्या बाहुलीघराच्या फळ्या अंगणात मोडून पडलेल्या असतात. ते त्याच्या बायकोनेच, शामाने, मोडलेले असते. बहिणींच्या अबोल्याखाली आणि टोमण्यांखाली जगायचे असेल तर आपण नवऱ्याच्या या अपराधात सामील नाही हे तिला दाखवून द्यावे लागते. ज्या माणसाची सारी कहाणी स्वतःच्या मालकीचे एक घर मिळवण्याची आहे, त्याने मुलीला दिलेले पहिले घर असे मोडले जाते.

नाताळावर मी जे थोडेफार वाचले आहे त्यात इतके कठोर आणि इतके खरे पान क्वचितच असेल. भेट देणे ही प्रेमाची खूण असते असे आपण वेदीवरून ऐकतो आणि तसे मानतोही. पण एकत्र कुटुंबात दिलेली भेट ही एक घोषणाही असते, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, हे नायपॉल एका शब्दाचेही भाष्य न करता दाखवतात. पुढच्या अनेक पिढ्यांनी ही कादंबरी विनोदी म्हणून वाचली. ती आहेही. पण शामाने ते खेळण्यातले घर कोणत्या हातांनी मोडले असेल याचा विचार करू लागलो की हसू ओठांवरच थांबते.

तरीही नायपॉल यांच्या नाताळात एक मोठी उणीव आहे. त्यांनी पाहिलेला नाताळ हा दुकानाचा नाताळ आहे. त्याच बेटाच्या उत्तरेकडील डोंगरांत, पॅरामिन आणि लोपिनोसारख्या गावांत, नाताळच्या दिवसांत लोक रात्रीच्या रात्री घरोघर जाऊन 'परांग' गातात. चार तारांचा क्वात्रो, माराकांचा खुळखुळ, आणि गाणी स्पॅनिशमध्ये: देवदूताने मरियेला दिलेला निरोप, बेथलेहेमचा गोठा. व्हेनेझुएलाशी असलेल्या जुन्या संबंधांतून ही परंपरा आली. गाणाऱ्यांपैकी कित्येकांना आज स्पॅनिश बोलता येत नाही. शब्द आजोबांकडून जसेच्या तसे आलेले असतात. घरमालकाने दार उघडायचे, मंडळींना आत घ्यायचे, केळीच्या पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या पास्तेल आणि काळा केक पुढे ठेवायचा, आणि मग त्यानेही पुढच्या घरी त्यांच्याबरोबर निघायचे. तीन राजांच्या सणापर्यंत हे चालते. हा नाताळ हनुमान हाउसच्या भिंतींपर्यंत पोहोचत नाही. लेखकाने प्रत्येक गोष्ट लिहिली पाहिजे असा आग्रह धरता येत नाही, हे मला मान्य आहे. पण नायपॉल यांनी पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६२ साली, 'द मिडल पॅसेज' या प्रवासग्रंथात वेस्ट इंडीजमध्ये काहीच निर्माण झाले नाही असा निवाडा दिला. निवाडा देणाऱ्याने साक्षीदार तपासले होते का, असे विचारण्याचा हक्क वाचकाला आहेच.

त्या निवाड्याला सर्वांत गाजलेले उत्तर मिळाले ते तीस वर्षांनी, स्टॉकहोममध्ये. डेरेक वॉलकॉट हे त्रिनिदादचे नव्हेत. ते सेंट लुशियाचे. बेट बहुसंख्य कॅथलिक आणि घर मेथडिस्ट, असे त्यांचे बालपण. १९५३ साली ते त्रिनिदादला आले, १९५९ मध्ये तेथे त्यांनी नाट्यसंस्था उभारली आणि आयुष्याची कितीतरी वर्षे तेथे काढली. नोबेल व्याख्यानाची सुरुवात ते एका खेड्यातल्या रामलीलेने करतात. खेड्याचे नाव फेलिसिटी. कारोनीच्या सपाट ऊसपट्ट्यातले, चग्वानास गावाजवळचे. ते मित्रांना घेऊन रामलीला पाहायला जातात. मैदानावर रावणाचा प्रचंड सांगाडा उभा राहत असतो, लहान मुलगे धनुष्ये घेऊन सज्ज असतात.

वॉलकॉट यांचे मोठेपण असे की, आपण काय चुकलो हे ते जगापुढे सांगतात. तो अर्धवट सांगाडा पाहून त्यांना शेलीच्या कवितेतला वाळवंटात कोसळलेला सम्राटाचा पुतळा आठवला. म्हणजे एका संस्कृतीचे भग्नावशेष. सोंगे घेतलेल्या मुलांकडे त्यांनी नाटककाराच्या नजरेने, नट म्हणून पाहिले. आणि मग त्यांच्या ध्यानात आले की हे नट नाहीत; ही श्रद्धावान माणसे आहेत, आणि त्यांना आपण काही गमावले आहे असे मुळीच वाटत नाही. ऱ्हासाचे गाणे त्यांच्या मनात होते, मैदानावर नव्हते. मैदानावर आनंद होता. आपण इंग्लंडच्या रंगभूमीसाठी होमरचे 'ओडिसी' रूपांतरित केले, पण शेजारच्या गावात वर्षानुवर्षे चालणारी रामकथा आपल्याला ठाऊक नव्हती, ही कबुलीही ते देतात. फुटलेल्या भांड्याचे तुकडे जुळवणाऱ्या प्रेमाची जी प्रतिमा त्यांनी याच व्याख्यानात वापरली, ती आता सर्वत्र उद्धृत केली जाते. मला मात्र तिच्याहून ही कबुली अधिक मोलाची वाटते. मोठ्या व्यासपीठावर, सन्मानाच्या क्षणी, आपण शेजाऱ्याला ओळखले नाही असे म्हणायला धैर्य लागते.

पण येथेही थांबून पाहिले पाहिजे. या व्याख्यानात फेलिसिटीचे लोक दिसतात, मात्र पात्रे म्हणून उभे राहत नाहीत. रावण कोणी बांधला? त्यासाठी बांबू कोणाच्या रानातला? राम झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत गेला की उसाच्या शेतात? चूक कवीची, पश्चात्ताप कवीचा आणि साक्षात्कारही कवीचाच. संध्याकाळ होते, पाहुणे परततात. भाषा इतकी सुंदर आहे की ही उणीव जाणवायला दुसरे वाचन लागते. सहलीच्या जाहिरातपत्रकांनी कॅरिबियन बेटांचे निळे डबके करून टाकले, असा राग याच व्याख्यानात वॉलकॉट व्यक्त करतात, आणि तो रास्तच आहे. तरीही, एका संध्याकाळी येऊन आनंद पाहून जाणारा कवी हाही, कितीही नम्र झाला तरी, पाहुणाच राहतो.

योगायोग पाहा. नायपॉल यांचे जन्मगाव हेच चग्वानास, आणि हनुमान हाउस ज्यावरून लिहिले गेले ते सिंहशिल्पांचे घर, लायन हाउस, आजही त्या गावात आहे. ज्यांनी 'काहीच निर्माण झाले नाही' असे लिहिले त्या नायपॉल यांनी उतारवयात, 'रीडिंग अँड रायटिंग' या २००० सालच्या छोट्या पुस्तकात, लहानपणी याच ऊसपट्ट्यात पाहिलेल्या रामलीलेची आठवण सांगितली आहे. पुढे पुस्तकांतून वा चित्रपटांतून जे मिळाले त्याहून ती रामलीला त्यांना अधिक जवळची होती, कारण ती कथा सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती आणि ती गिरमिटियांनी आठवणीत बांधून आणलेली होती. एकाच मैदानावरचा एकच रावण: एकाने तो आतून, मूल म्हणून पाहिला आणि तो बेट सोडून निघून गेला, दुसऱ्याने तो बाहेरून, साठी ओलांडल्यावर पाहिला आणि त्याचे गीत केले. दोघांनाही नोबेल मिळाले, एकाला १९९२ साली, दुसऱ्याला २००१ साली. रावण मात्र दरवर्षी जाळला जातो आणि पुन्हा बांधला जातो. बांधणाऱ्यांचे पुस्तक अजून या दोघांच्या कपाटात नाही.

बांधणाऱ्याचे पुस्तक लिहिले ते अर्ल लव्हलेस यांनी. ते रामलीलेविषयी नसून कार्निव्हलविषयी आहे, आणि ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. फ्रेंच मळेवाल्यांच्या हवेल्यांत उपवासकाळाआधी मुखवट्यांचे नाच होत. गुलामांना त्यांत स्थान नव्हते. १८३८ मध्ये मुक्ती पूर्ण झाल्यावर त्यांनी रस्ते घेतले. उसाच्या फडाला आग लागली की ती विझवायला मध्यरात्री गुलामांना मशाली देऊन, चाबकाने हाकत नेले जाई. त्या आठवणीचेच त्यांनी सोंग केले, आणि जळता ऊस या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्याला 'कॅनबुले' म्हटले. १८८१ साली ते मोडायला आलेल्या पोलिसांशी पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर लढाई झाली. नंतर ढोलांवर बंदी आली तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पत्र्याचे डबे, मग तेलाची टाकून दिलेली पिंपे ठोकून-तापवून त्यांतून सूर काढले. तेच 'पॅन', ज्याला पुढे देशाचे राष्ट्रीय वाद्य म्हणून मान मिळाला. ज्या डोंगरवस्त्यांना शहर गुंडांची वस्ती म्हणत होते तेथेच हे घडले. काहीच निर्माण झाले नाही, या निवाड्याला याहून चोख उत्तर कोणते असू शकेल?

लव्हलेस यांच्या कादंबरीतली वस्ती अशाच एका डोंगरावर आहे आणि तिचे नाव आहे कालवरी हिल. आपल्या वाचकांना हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. लेखकही ते समजावत बसत नाही. तेथल्या एका चाळवजा अंगणात अ‍ॅल्ड्रिक प्रॉस्पेक्ट राहतो. तो काहीच करत नाही. म्हणजे नोकरी करत नाही. वर्षभर तो एकच काम करतो: कार्निव्हलच्या दोन दिवसांसाठी ड्रॅगनचा पोशाख. कापडाच्या चकत्या कापून एकेक खवला तो शिवतो, आणि प्रत्येक खवल्यात त्याच्या आज्याची, आईची, गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांची एकेक कहाणी गुंफली जाते. पायाशी एक लहान मुलगा बसून त्याला सुई, दोरा, रंग हाताशी देत असतो. ही पाने वाचताना मला राहून राहून वेदीचे वस्त्र भरणाऱ्या जुन्या बायकांची आठवण झाली. तोच एकाग्रपणा, तोच शब्दांवाचूनचा भाव. कार्निव्हल म्हणजे केवळ स्वैरपणा असे समजणाऱ्याने निदान एवढे प्रकरण वाचावे. मग ते दोन दिवस येतात. शहर ज्याच्याकडे पाहतही नाही तो माणूस आग ओकत शहराच्या मधोमध चालतो आणि शहर दचकते. दोन दिवस तो कोणीतरी असतो.

लव्हलेस येथे थांबले असते तर ही एक सुंदर, काहीशी भाबडी कादंबरी झाली असती. ते थांबत नाहीत. कादंबरीत एका प्रकरणाचे नावच 'राखेचा बुधवार' आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचा खरा प्राण तेथून पुढे आहे. अंगणाची राणी मिस क्लिओथिल्डा, आपल्या उजळ कातडीचा तोरा मिरवणारी बाई, कार्निव्हल जवळ आला की सगळ्यांशी गोड होते. आपण सारे एकच, असे म्हणू लागते. सण संपला की तिची जिभली पुन्हा पूर्ववत. दरवर्षी राणीचे सोंग तिचेच असते आणि ते तसेच असावे हे अंगणाने जणू मान्य केलेले असते. फिशआय हा स्टीलबँडचा मारामाऱ्या करणारा गडी. बँडांना कंपन्यांचे प्रायोजकत्व मिळू लागते आणि गिऱ्हाइके बिचकू नयेत म्हणून अशा माणसांची अडचण होऊ लागते. फिलो कॅलिप्सो गाता गाता यशस्वी होऊन टेकडी उतरतो. उत्सव सर्वांना एक करतो हे आपण फार सहजपणे म्हणतो. लव्हलेस विचारतात, किती दिवस? आणि कोणाच्या खर्चाने?

पुढे अ‍ॅल्ड्रिक, फिशआय आणि आणखी काही जण, मिळून नऊ, पोलिसांची जीप पळवतात आणि शहरभर ध्वनिक्षेपकावरून बंडाची भाषणे देत हिंडतात. १९७० साली त्रिनिदादमध्ये झालेल्या ब्लॅक पॉवरच्या उठावाची सावली या प्रसंगावर आहे. पोलीस त्यांना अडवत नाहीत, दमू देतात. कोणाला काय मागायचे हेच नऊ जणांना ठाऊक नसते. मग तुरुंग. तेथे अ‍ॅल्ड्रिकला उमगते की तीही एक ड्रॅगनची सोंगच होती: भीती दाखवली, घेतले काहीच नाही. सुटून आल्यावर तो पोशाख शिवत नाही. ज्या श्रद्धेने लेखकाने पहिल्या शंभर पानांत तो ड्रॅगन उभा केला, त्याच श्रद्धेने तो खाली उतरवला आहे. टीकाकार सहसा यांपैकी एकच अर्धा भाग पाहतात. कोणी म्हणतात ही कार्निव्हलची गौरवगाथा. कोणी म्हणतात हा कार्निव्हलचा भ्रमनिरास. मला वाटते, सोंगावर ज्याचे इतके प्रेम आहे त्यालाच त्याचे अपुरेपण इतके अचूक दिसू शकते.

कादंबरीत दोष आहेत. लव्हलेस यांची वाक्ये स्वल्पविरामांवर स्वल्पविराम देत मिरवणुकीसारखी पुढे सरकतात. जेथे ताल पकडला आहे तेथे ती विलक्षण आहेत, पण मध्ये काही ठिकाणी लेखक स्वतःच्याच ढोलावर भुलतो आणि एकच विचार तीनदा सांगतो. सिल्व्हिया ही अंगणातली तरुणी, जिच्यावर अ‍ॅल्ड्रिकचे प्रेम आहे, ती पुष्कळदा माणूस कमी आणि प्रतीक अधिक होते. निवेदनात प्रमाण इंग्रजी आणि बेटाची बोली एकमेकींत केव्हा विरघळतात हे कळत नाही, आणि हे मात्र मोठे यश आहे. ही कादंबरी कोणी मराठीत आणायला घेतलीच तर पुस्तकी मराठीने काम भागणार नाही. ज्याच्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते आणि शाळेत प्रमाण मराठी, अशा अनुवादकाला ते दोन सूर कानाने ओळखू येतील.

आज कार्निव्हलचे बहुतेक पोशाख मण्यांचे, पिसांचे आणि ठरावीक साच्याचे असतात. पैसे भरले की पोशाख, खाणेपिणे आणि पहारेकरी यांसह मिरवणुकीत जागा मिळते. स्टीलबँडांच्या नावामागे-पुढे कंपन्यांची नावे लागली. २०२१ साली महासाथीमुळे मिरवणूकच झाली नाही. ड्रॅगनसारखी जुनी सोंगे आता जपून ठेवावी लागतात. १९७९ साली लव्हलेस यांनी ज्याची चाहूल घेतली होती ते बव्हंशी आले आहे.

पण कादंबरीतली जी व्यक्ती माझ्या मनातून जात नाही ती ना ड्रॅगन ना राणी. ती आहे परियाग. खेड्यातला ऊस सोडून बायकोला, डॉलीला, घेऊन हा भारतीय तरुण कालवरी हिलवर राहायला येतो. बाकीच्यांच्या प्रकरणांना कार्निव्हलमधल्या सोंगांची नावे आहेत. परियागच्या प्रकरणाचे नाव आहे 'प्रेक्षक'. अंगणाने आपल्याकडे पाहावे म्हणून तो सायकल घेतो. अंगण पाहते, आणि कोणीतरी ती मोडून टाकते. मोडकी सायकल घेऊन तो प्रेतयात्रेसारखा सगळ्यांसमोरून चालत जातो, आणि त्या क्षणी पहिल्यांदा अंगण त्याला माणूस म्हणून पाहते. हनुमान हाउसच्या अंगणातले मोडके बाहुलीघर आणि कालवरी हिलवरची ही मोडकी सायकल: नायपॉल आणि लव्हलेस यांच्यात याहून जवळचे नाते मला दिसत नाही. त्याच बेटाच्या दक्षिणेला सिपारिया गावी दिव्य मेंढपाळीण मातेची मूर्ती आहे. पवित्र गुरुवारी आणि गुड फ्रायडेला हजारो हिंदू तेथे रांगा लावतात आणि तिला सिपारी माई म्हणतात. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा पाहिलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. तेथे परियागसारख्याला प्रेक्षक म्हणून उभे राहावे लागत नाही. कालवरी हिलवर मात्र लागले.

कादंबरीच्या शेवटाकडे परियागने छोटे दुकान काढलेले असते. त्याच्या प्रकरणाचे नाव आता 'दुकानदार' झालेले असते. टेकडीवरून पॅनचा सूर येत असतो आणि त्याला वाटून जाते की आपण त्या दिवसांत चुकलो. त्यांनी आपल्याला सामावून घ्यावे म्हणून वाट पाहत बसायला नको होते. पॅन ठोकून त्यांत नवे सूर भरण्याचे काम चालू होते तेव्हाच आपण आपली सतार घेऊन त्या पॅनच्या अंगणात मधोमध जाऊन उभे राहायला हवे होते.